वन्संना अंदमान दाखवायचं ठरलं तेव्हा

अंदमानची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आमच्या ह्यांच्या नावानं कुणी खडे फोडायला नको.

आम्ही पुण्याजवळच्या माणचे. सासऱ्यांची जमीन तुकड्यातुकड्यानं आयटी पार्कात गेली, घराभोवती उरली तिच्यावर आम्ही खोल्या बांधल्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. रस्त्याकडेचं एक रान तेवढं मोकळं राहिलं होतं. सासू-सासरे दोघंही गेल्यावर सात-बारावर दोन नावं लागली, ह्यांचं आणि ह्यांच्या धाकट्या बहिणीचं. त्या रानाला बिल्डरचं गिऱ्हाईक आलं तेव्हा वकिलानं पहिलंच विचारलं, बहिणीची हक्कसोड झाली का? म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावाला लिहून द्यायचा. आमच्याकडं ह्याला कुणी अन्याय म्हणत नाही. बहीण येते, सही करते, साडी घेते, जेवते आणि जाते. मीही माहेरी जांब्याला माझ्या भावांना अशीच सही देऊन आलेय. खुशीनं दिली, असं मी सगळ्यांना सांगते.

वन्सं कासार आंबोलीला एकट्या राहतात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्या लोकांचा स्वयंपाक करतात, त्यावर त्यांचं चालतं. एवढं रस्त्याचं रान एका साडीवर मागायची ह्यांनाही लाज वाटत असावी. मला म्हणाले, "तिला कशानं बरं वाटंल, तू बघ जरा बोलून." मी फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की वन्सं, कुठं जावंसं वाटतं तुमाला?

"मला?" त्या हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "बंगल्यावरचे सारखे अंदमान-अंदमान करत्यात बघ. त्यांच्या फोनात बघितलंय मी. पाण्यात हुबं राहिलं की पायाची बोटं दिसत्यात म्हणं."

झालं. ठरलं अंदमान.

माझी मुलगी कॉलेजात आहे. तिनं लॅपटॉप उघडून सगळं बसवलं. पुण्याहून चेन्नई, चेन्नईहून पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीनं छोट्या बेटावर, पाच रात्री. आत्या आणि ती एका खोलीत, आम्ही दोघं दुसऱ्या; धाकट्या मुलाची परीक्षा होती, तो माझ्या माहेरी राहणार होता. मग दुपारी भांडी झाली की वन्संचा फोन यायचा. बोटीत उलटी झाली तर? गोळी आधी घ्यायची की नंतर? खिडकी मिळंल का गं? केसांना मेंदी लावू का, का म्हातारपणी थेरं दिसतील? एक दिवस आवाज एकदम बारीक करून म्हणाल्या, "वैनी, मी पंजाबी ड्रेस शिवायला टाकलाय. हसू नगंस हां."

"हसतेय कशाला? कुठला रंग?"

"मोरपिशी. जास्त होतंय का?"

"अजिबात न्हाई," मी म्हणाले. आणि खरंच तसं वाटलं म्हणून म्हणाले.

दोन महिने हे रोज चाललं. अंदमानवरून बोलणं कुठंही जायचं. नवरा गेल्यावर दिरांनी कसं वागवलं, ते त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. मीही माझ्या माहेरचं बोलले, जे ह्यांच्याकडं कधी बोलले नव्हते. लग्नाला वीस वर्षं झाली, पण नणंद-भावजय एवढ्या कधी बोललोच नव्हतो. दुपारी फोन नाही आला तर मला चुकल्यासारखं व्हायचं. आणि हे कशासाठी चाललंय ते मला पक्कं माहीत होतं.

जायला पंधरा दिवस राहिले तेव्हा ह्यांनी सांगितलं, "तिचं आधार, पॅन आन् दोन फोटो मागून घे. तिकिटाला लागत्यात म्हण."

मी म्हणाले तसं. वन्सं मुद्दाम पौडला जाऊन फोटो काढून आल्या आणि पाकीट वडापच्या जीपवाल्याकडं देऊन पाठवलं. माझ्या मुलीनं ते फोडलं. वन्सं फोटोत चक्क हसत होत्या. आधार कार्डावरचा त्यांचा चेहरा चोर पकडल्यासारखा आहे, आणि इथं दात दिसत होते.

"आई, विमानाच्या तिकिटाला फोटो कशाला?"

मी कणीक मळत होते. मळतच राहिले.

"तिकिटं तर मीच काढलीत. मला कुणी फोटो मागितला नाही. कशाला हवेत फोटो?"

पोरगी शिकलेली. तिला काय उल्लू बनवणार? सांगितलं सगळं. वर हेही सांगितलं, की हे असंच असतं, मीसुद्धा दिलंय. ती म्हणाली, "तू आत्याचा केसानं गळा कापतेयस." मी कणकेच्या हातानंच तिच्यावर हात उगारला. ती हलली नाही. "मार ना. पण सांगून ठेव, माझ्या वेळेला मला कुठलं बेट दाखवणार आहात?"

हात तसाच खाली आला. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, खरं काय ते सांगून टाकू वन्संना. तर हे म्हणतात, "सांगू की. सही झाल्यावर. तितं समुद्रावर, निवांत."

समुद्रावर निवांत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडलं का मी? नाही उघडलं. त्या रानाच्या पैशात वरचा मजला चढणार होता आणि तो मलाही हवा होता. मूग गिळून बसले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं तर खरं लिहावं.

विमान रविवारचं होतं. शुक्रवारी सकाळी ह्यांनी गाडी काढली. वन्संना सांगितलं होतं, वारसनोंदीचं एक काम राहिलंय, पौडच्या रजिस्ट्रार ऑफिसला तुझी एक सही लागंल. कासार आंबोलीच्या फाट्यावर त्या उभ्याच होत्या. गाडीत बसल्या त्या माझ्या शेजारी, माझा हात हातात घेऊन. "बॅग कालच भरली. दोनदा उपसून पुन्ना भरली. टावेल तितं देत्यात न्हवं?"

"देत्यात."

"तुजा हात लई गार पडलाय गं. बरं न्हाई का?"

आरशातनं हे माझ्याकडं बघत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पौड यायला दहा मिनिटं असतील, त्या दहा मिनिटांत मी दहा वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

ऑफिसात ही गर्दी. वकिलानं कागद आणून दिले आणि हे आधारच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेले. आम्ही दोघी बाकावर. वन्संनी कागद मांडीवर घेतले, फोटो डकवलेला दिसला तसं म्हणाल्या, "ह्यो हितं कसा? तिकिटाचा न्हवं का?" त्यांनी पिशवीत चाचपलं. "चष्मा घरीच ऱ्हायला बघ. तू वाच."

"वकील सांगतील की."

"वकिलाचं मला कळत न्हाई. तू वाच. तुझं कळतं."

मी वाचायला लागले. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. मला वाटलं, एवढ्यात हे येतील. वाटलं, पुटपुटत वाचावं, मधली ओळ गाळावी, काय कळणार आहे. बोट त्या ओळीवर आलं. आणि मी ती वाचली, बाकावरच्या बाकीच्यांनाही ऐकू गेली असेल. "सदर मिळकतीमधील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने, विनामोबदला, कायमचा सोडून देत आहे."

वन्संनी माझ्याकडं बघितलं. "पुन्ना वाच."

पुन्हा वाचली.

"मंग अंदमान कशाचं?"

"ह्याचंच."

समोर कुणीतरी अंगठा मशीनवर दाबून दाबून वैतागलं होतं, शिपाई त्याला बोट पुसायला सांगत होता. वन्संनी कागद माझ्या हातातून काढून घेतले, नीट सारखे केले आणि बाकावर ठेवले. "तुला कवापास्नं म्हाईत?"

"पैल्या दिवसापास्नं."

हे झेरॉक्स घेऊन आले. वन्सं उठल्या. "दादा, मी न्हाई करत सही." एवढंच. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, तिथंच कानाखाली वाजवतात. वन्सं बाहेर पडल्या, आमच्या गाडीकडं बघितलंही नाही, रस्ता ओलांडून वडापच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. मी मागं धावले. जीप भरली होती. निघून गेली.

रविवारचं विमान आमच्याशिवाय गेलं. हे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, ताट पुढं सरकवलं तरी स्वतः वाढून घ्यायचे. मग वकिलाला दुसरा कागद करावा लागला. दोन्ही नावांनी रान विकलं आणि वन्संचा वाटा वन्संना गेला. वरचा मजला चढला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. मला वाटलं, आता वन्संचा फोन येईल. दुपारी भांडी घासून झाली की मी मोबाईल ओट्यावर ठेवायचे. नाही आला.

भाऊबीजेला मात्र त्या आल्या. ह्यांना ओवाळलं, पाटावर बसवून लाडू भरवला, ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर पदरानं पुसलं. "असूं दे रं दादा," म्हणाल्या. माझ्या मुलीला जवळ घेऊन बसल्या. माझ्याशी फक्त, पुरीला तेल तापलंय का, एवढं बोलल्या.

मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "वन्सं, कागद वाचला कुणी? मी वाचला न्हवं? त्यांना माफ केलंत, मग माझ्यावरच राग का?"

त्या पुऱ्या लाटत होत्या.

"त्यो भाऊ हाय. त्याला रान पायजे हुतं. त्यानं सरळ मागितलं असतं तर मी दिलंबी असतं." मग पुढची लाटी घेत, माझ्याकडं न बघता, "तू दोन म्हैनं रोज माझ्याशी बोललीस, वैनी. एवढं माझ्याशी जन्मात कुनी बोललं नव्हतं. त्यातलं खरं कुटलं आन् खोटं कुटलं, मी अजून निवडतुया."

खरं तर त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. पण ते माझ्या तोंडून आता त्यांना पटणार कसं? मी कढईत पुरी सोडली.