सासूबाईंनी पट्टी उतरवली

आमच्या सासूबाई शिवणयंत्रावर बसल्या की गातात. एरवी तशा मितभाषी. गिऱ्हाइकाशी बोलतानाही मापाबाहेर एक शब्द नाही. पण पायाखाली मोटर घरघरायला लागली की गळा सुटतो. सरळ लांब शिवण असली की संथ बॅलड, म्हणजे हळुवार विरहगीत, आणि चुण्या घालायच्या असल्या की काहीतरी उड्या मारणारं. लग्नानंतर मी दुकानात ऑर्डरी आणि फोन सांभाळायला लागले, तेव्हा मला वाटायचं मागच्या खोलीत रेडिओ चालू आहे. एकदा मी तो बारीक करायला गेले, तर रेडिओच नव्हता.

दुकान पडद्यांचं. पुढे काउंटर, मागे लांबोडकी खोली. एका भिंतीला छतापर्यंत कापडाचे तागे, दुसरीकडे शिवून तयार झालेले पडदे टांगलेले, मधोमध कापायचं भलंमोठं टेबल. सासरे, म्हणजे बाबा, दांडे आणि रिंगा बसवतात. सासूबाई, म्हणजे आई, शिवतात.

आईंचं गाणं आलं त्यांच्या भावाकडून. मामा तरुणपणी एका हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये डबल बास वाजवायचे. माणसापेक्षा उंच वाद्य, उभं राहून छातीशी धरायचं आणि बोटांनी तारा खेचायच्या. तालमीला आई त्यांच्याबरोबर जायच्या, आणि एकदा गायिका आजारी पडली तेव्हा सगळी गाणी पाठ असलेल्या त्या एकट्याच निघाल्या. पुढे लग्नापर्यंत हॉटेलच्या जेवणघरात त्याच गायल्या. मग हॉटेल विकलं गेलं, बँड पांगला, मामा विमा कंपनीत चिकटले. गंमत म्हणजे त्याच हॉटेलचे पडदे बाबांनी लावले होते. पण पडदे लावायला माणूस सकाळी जातो आणि गाणं असतं संध्याकाळी. त्यामुळे बायकोला बँडबरोबर गाताना बाबांनी कधी ऐकलंच नव्हतं. यंत्रावरची गुणगुण हेच काय ते त्यांच्या वाट्याचं गाणं.

हे सगळं हललं ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीत शिक्षक. नव्या घरात राहायला आले आणि पियानोचा आवाज शेजाऱ्यांना जातो म्हणून त्यांना जाड पडदे हवे होते. माप घ्यायला आई गेल्या, लिहून घ्यायला मी. आई स्टुलावर चढून खिडकीला टेप लावत होत्या. माप घेण्यात आपला व्यत्यय नको म्हणून मास्तर कोपऱ्यात हळूच वाजवत बसले. एक जुनं बॅलड होतं. या गाण्यांना बहुतेकदा सुरुवातीला एक तुकडा असतो, अर्धा बोलल्यासारखा, अर्धा गायल्यासारखा. मग मुख्य गाणं सुरू होतं. हल्ली तो तुकडा बहुतेकजण गाळतात. मास्तरांनी तो वाजवला आणि स्टुलावरून, टेपचं टोक तोंडात धरलेलं असताना, आईंनी तो गायला. टोक काढलं आणि पुढची ओळ नीट गायली.

मास्तरांचे हात थांबले. हा तुकडा कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं.

"आम्ही गायचोच तो," आई म्हणाल्या. "सोडला तर ती बाई रडतेय कशाला तेच कळत नाही."

त्या दिवशी चार खिडक्यांपैकी दोनच मोजून झाल्या. उरलेल्यांसाठी परत जावं लागलं, मग कापड दाखवायला, मग अस्तर दाखवायला. पडदे लागून गेले तरी आईंचं जाणं सुरूच. आधी मला कारणं सांगायच्या, नंतर तेही सोडलं. मग एक दिवस पोळीवर तूप सोडल्यासारखं सहज म्हणाल्या, की मास्तर म्हणताहेत रेकॉर्ड करू. जुनी, घोटलेली गाणी, जास्त करून बॅलड.

माझ्या हातातला फोन पलीकडच्या गिऱ्हाइकासकट खाली पडायचा राहिला. नणंदेला कळवलं तर ती उडालीच. ती नाटकांच्या ध्वनीचं काम करते, माइक आणि तारा हेच तिचं जग. मामांना आईंनी स्वतः फोन केला. मामा म्हणे एवढंच म्हणाले, बासवर कपड्यांचं गाठोडं ठेवलंय, ते आधी उतरवतो. ड्रमसाठी मास्तरांचा एक जुना विद्यार्थी आला. तो गाडी चालवायला शिकवतो; दिवसभर 'क्लच दाबा' ओरडून ओरडून त्याचं नावच 'क्लच' पडलं होतं. तो ब्रशने वाजवणार म्हणाला, तेव्हा बाबांनी त्याला रंगाचे ब्रश आणून दिले. तारांच्या बारीक झाडूसारखे ब्रश असतात ड्रमवर फिरवायचे, हे कळल्यावर बाबाच सगळ्यात जास्त हसले.

तालमी मास्तरांकडे होत. एकच कुरबुर होती. मास्तरांचं म्हणणं, आवाज आता खाली आलाय, तेव्हा पट्टीही खाली घेऊ. आई ऐकेनात. जी गाणी ज्या पट्टीत गायले त्याच पट्टीत गाईन, नाहीतर गाणार नाही. मास्तर जुन्याच पट्टीत वाजवू लागले. तालमीत हलक्या आवाजात त्या निभावून नेत, त्यामुळे विषय मागे पडला.

नणंदेने ओळखीचा स्टुडिओ ठरवला. आई ठेवणीतली साडी नेसून गेल्या. तिथे त्यांना एका काचेच्या खोलीत उभं केलं, कानावर हेडफोन चढवले. पियानो दुसऱ्या खोलीत, मामा तिसऱ्या. रेकॉर्डिंगचा दिवा लागला आणि पहिलंच गाणं चौथ्या ओळीला, वरच्या सुरावर, फाटलं. परत घेतलं, परत फाटलं. मग सावधपणे गायल्या, तेव्हा फाटलं नाही, पण गाण्यात जीवही राहिला नाही. काचेतून मला त्यांचे हात दिसत होते. पदराचं टोक दुमडत होते, शिवायला घेताना काठ दुमडतात तसे. दुपारपर्यंत तीन गाणी कशीबशी झाली आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

"शाळेच्या हॉलचे पडदे द्यायचेत," गाडीत त्या एवढंच बोलल्या.

त्यानंतर यंत्र चालायचं, पण वर गाणं नसायचं. बाबा दोनदा पुढे येऊन मला विचारून गेले, मागे काही बंद पडलंय का. तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाले, "तिला विचारू नकोस." मामांचा फोन आला की आई दुकानात नाहीत असं सांगायचं, हे माझ्याकडे लागलं.

पुढच्या रविवारी नणंद नाटकाचा काळा पडदा न्यायला आली. मागच्या खोलीत उभी राहून मला काहीतरी सांगत होती आणि बोलता बोलता थांबली. एकदा टाळी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन वाजवली, टेबलाखाली वाकून वाजवली. मला वाटलं पाल घालवतेय.

"वहिनी, ऐक ना," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "इथे आवाज परत येतच नाही. जिकडे बघावं तिकडे मखमल आहे. लोक स्टुडिओ बांधताना भिंतींना हेच लावायला मरतात."

ती आईंसमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात बोलली, की काच नाही, हेडफोन नाही, सगळे एका खोलीत, एकमेकांकडे बघत, जसं हॉटेलात गायचीस तसं. आईंनी सुईत दोरा ओवला. नाही म्हणाल्या नाहीत. बाबांनी मात्र अडचणींचा पाढा वाचला. टेबल जमिनीला स्क्रूने जखडलेलं आहे, पियानो दारातून येणार नाही, शेजारी गॅरेज आहे. संध्याकाळी मी मागे डोकावले तर बाबा जमिनीवर उताणे पडून टेबलाचे स्क्रू काढत होते.

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. गॅरेजवाल्याने रविवारी बंद ठेवायचं कबूल केलं, वर माणसंही पाठवली. मास्तरांचा पियानो टेम्पोतून आला, मास्तर त्याला एका हाताने धरून मागे उभे. बाबांनी दुकानाचं दार बिजागऱ्यांतून काढलं, पियानो आत घेतला, दार परत लावलं आणि फटीत कापडाची भेंडोळी कोंबली. क्लचने ड्रम टाचण्यांच्या डब्याशेजारी मांडले. मामा बास घेऊन तपकिरी मखमलीसमोर उभे राहिले, तेव्हा वाद्य कुठे संपतं आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळेना. नणंद काउंटरखाली रेकॉर्डिंगची यंत्रं मांडून बसली. बाबांना हलायचं नाही या अटीवर आत ठेवलं होतं. त्यांची खुर्ची कुरकुरते, म्हणून ते ताग्यांच्या गठ्ठ्यावर बसले.

आई आपल्या यंत्रापाशी उभ्या राहिल्या, घरातल्याच साडीत. पहिलं गाणं झालं. फाटलं नाही. पण नणंद "छान आहे" म्हणाली ते डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना म्हणतात तसं. आईंना ते कळलं. त्यांनी यंत्राचं झाकण पुसायला घेतलं. शेवटी मामा बोलले, बासच्या मागूनच.

"माझी बोटं तरी कुठे तेव्हाची राहिलीत? मघाशी मी दोन सूर गाळून वाजवलं. कळलं का कोणाला?"

"मला कळलं," आई म्हणाल्या.

"वाईट वाटलं?"

 नाही, असं आईंनी मान हलवून सांगितलं. मग पाण्याचा घोट घेतला आणि मास्तरांकडे वळून विचारलं, "किती खाली?"

"तुम्हीच सांगा. यंत्रावर गाता तसं गा."

आईंनी गुणगुणायला सुरुवात केली. रोज मोटरच्या घरघरीखालून निघायचा तोच सूर. मास्तर पट्ट्यांवर तो शोधत खाली उतरत गेले, थांबले, अजून खाली गेले. सापडला तेव्हा ते स्वतःशीच हसले. त्यांच्याही अंदाजापेक्षा तो बराच खाली होता.

आणि मग त्या गायल्या.

मी रोज ऐकलेला आवाज, पण मोटरशिवाय मी तो कधी ऐकलाच नव्हता. जाड, उबदार, कडेला किंचित खरखरीत; अस्तर लावलेल्या कापडासारखा, नुसता पडदा नव्हे. वरच्या पट्टीत ती बाई प्रियकर गेला म्हणून रडत होती. खाली आल्यावर ती रडेना, सांगत होती. गेला तेव्हाही तिला माहीत होतं, आजही माहीत आहे, आणि तरी गाडी थांबल्याचा आवाज आला की ती खिडकीशी जाते. आईंनी एक शब्द इतका उशिरा घेतला की क्लचचा ब्रश हवेत थांबला. मला वाटलं चुकल्या. मग तो शब्द बरोबर मामांच्या सुरावर येऊन टेकला आणि क्लचने मान अशी झटकली, जणू त्याच्या शिकाऊ माणसाने अवघड वळण एका हाताने घेतलं.

गाणं संपलं. नणंदेने बोट वर केलं, कोणी बोलू नका. शेवटचा सूर विरला. बोट खाली आलं आणि काउंटरखालून "मिळालं, मिळालं" असं ऐकू यायला लागलं.

बाबा ताग्यांवरून उठले होते. अट मोडून कधी उठले देव जाणे.

"अशी गायचीस?" ते म्हणाले. "तिथे? आणि मी दांडे ठोकून घरी यायचो?"

"तुम्ही कधी विचारलंत?" आई म्हणाल्या, पण लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर थांबवणं मुश्कील झालं. स्टुडिओत झालेली तीनही गाणी त्यांनी टाकून द्यायला लावली आणि सगळी नव्याने घेतली. प्रत्येक गाण्याला आधी स्वतः गुणगुणायच्या, मास्तर पट्टी शोधायचे, मग सुरू. एकदा बाहेर कुत्रं भुंकलं, एकदा मामांच्या पायात गोळा आला, एकदा क्लचला हसू आवरेना. तेवढं सोडलं तर गाडी सुसाट. जेवण पातेल्यातच राहिलं. दिवेलागणीपर्यंत सगळं बॅलडचं काम झालं होतं आणि आईंचा चेहरा असा उजळला होता, की मी फोटो काढला. टेप गळ्यात, हात कमरेवर, मागे मखमल. तोच रेकॉर्डच्या कव्हरवर आहे.

रेकॉर्ड काही जगभर गाजली वगैरे नाही. पण रेडिओवर संध्याकाळच्या कार्यक्रमात एक गाणं लागलं, मग लोकांच्या फर्माइशी येऊन दुसरं लागलं, आणि वाचनालयाने त्यांच्या सभागृहात गायला बोलावलं. आम्ही धरून चाललो होतो की घरचे आणि गॅरेजवाले मिळून पुढच्या दोन रांगा भरतील. प्रत्यक्षात लोक भिंतींना टेकून उभे. हॉटेलचा जुना वेटरही आला होता, काठी टेकत. मामांना मिठी मारून सोडेचना. बाबांनी रंगमंचाचा पडदा सकाळीच इस्त्री करून लावला आणि या वेळी घरी परत आले नाहीत. पहिल्या रांगेत बसले, चार तास आधीपासून.

शेवटचं बॅलड झाल्यावर लोक उठायलाच तयार नाहीत. टाळ्या थांबेनात. मास्तरांनी आईंकडे बघितलं, आता काय, तयार केलेलं सगळं संपलं. आईंनी मागे वळून मामांना हॉटेलातल्या एका धावत्या गाण्याचं नाव सांगितलं. तालीम नाही, काही नाही. मामांनी हातावर फुंकर मारली, क्लचने ब्रश टाकून काठ्या उचलल्या, आणि बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "ही माझी बायको. दुकानात पडदे शिवते. ऐका आता."