अर्ध्या तिकिटाचा बुधवार

उन्हाळा लागला की या ब्लॉगवर एकच प्रश्न येऊ लागतो. परदेशातलं वॉटर पार्क, चौघांचं कुटुंब, एकच दिवस आणि बेताचा खर्च, हे जमतं का? जमतं. मी अकरा वर्षांची असताना, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, आम्ही ते जमवलं होतं. इतकी वर्षं त्यावर मी एक ओळ लिहिली नाही. ती सहल छान झाली असं म्हणता येत नाही, आणि न झालेलं छान म्हणून सांगायला मला आवडत नाही.

आमचं घर जळगावच्या पिंप्राळ्यात. पप्पा वेल्डर. आधी भुसावळजवळच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे होते, मग आखातात गेले. गेले तेव्हा माझा भाऊ निलू सहा महिन्यांचा होता. कंपनीने मध्ये एकदाही रजा दिली नाही, आणि बघता बघता निलू चार वर्षांचा झाला. घरात पप्पांचे थोरले भाऊ होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांची दोन्ही मुलं मात्र साहजिकच त्यांना पप्पा म्हणत. निलू दिवसभर त्या दोघांच्या मागे. ते म्हणतात तेच तोही म्हणायला लागला. सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. मग कोणी हसेनासं झालं आणि कोणी दुरुस्तही केलं नाही. आईला ते फार लागायचं. शारजाला असलेल्या मावशीने 'दहा दिवस या' म्हणून व्हिसा पाठवला, तेव्हा आई सरळ म्हणाली, "दुबई बघायची नाहीये मला. याला याचा बाप दाखवायचाय."

तयारीचं थोडक्यात सांगते. तेव्हा मुलांची नावं आईच्याच पासपोर्टवर चढत, त्यामुळे एका पुस्तकात तिघांचं काम झालं. पोलिस पडताळणीला मात्र चकरा फार झाल्या. सामानात उडदाचे पापड, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स आणि पप्पांसाठी मेहरूणची बोरं. जळगावहून मुंबईपर्यंत गाडी आणि तिथून विमान. विमानात निलूने दोन ताटं खाल्ली आणि तिसऱ्यासाठी भोकाड पसरलं.

विमानतळावर मावशीचे यजमान घ्यायला आले. पप्पांची ड्युटी होती. ते कंपनीच्या कॅम्पात राहत, तिथे बायकामुलांना येऊ देत नसत. म्हणून आम्ही मावशीच्या दोन खोल्यांत, आणि पप्पा संध्याकाळी ड्युटी सुटली की दोन बस बदलून तासभर येऊन जात. पहिल्या दिवशी आले ते नवा शर्ट घालून, केस चापून बसवून. मला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक आणि काळे दिसत होते. मावशीने निलूला पुढे केलं आणि हे कोण ते सांग म्हणाली.

"काका," निलू म्हणाला.

"आणि पप्पा कुठे?"

"पप्पा जळगावले शे."

पप्पा हसले. चांगलं अहिराणी बोलतो की, म्हणाले. बोरांची पिशवी उघडून एकेक बोर सावकाश खात बसले आणि निलूकडे मधूनमधून बघत राहिले. जवळ मात्र घेतलं नाही. पुढचे तीन दिवस हेच. ते यायचे तोवर निलू पेंगुळलेला असायचा, नाहीतर मावशीच्या टीव्हीसमोरून हलायचा नाही.

मग वॉटर पार्कची कल्पना निघाली, आणि ती पप्पांचीच. निलूला पाण्याचं वेड. पिंप्राळ्यात तेव्हा नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यायचं आणि आलं की हे महाराज पहिले बादलीत. पप्पांना सुट्टी शुक्रवारी असायची, पण शुक्रवारी तिकीट पूर्ण. बुधवारी अर्धं, कारण बुधवारी लेडीज डे. पप्पांनी एका सोबत्याला आपला शुक्रवार दिला आणि त्याचा बुधवार घेतला. लेडीज डे म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला विचारायची गरजच पडली नाही. जळगावला आनंदमेळा लागायचा तेव्हा एक दिवस महिलांसाठी सवलतीचा असायचा. त्या दिवशी बायकांना तिकीट माफ आणि पुरुषांना पूर्ण. सगळा पिंप्राळा त्याच दिवशी सहकुटुंब जायचा. इथेही तसंच असणार, आपलं एकट्याचं पूर्ण पडेल, असा पप्पांचा हिशेब होता. मावशीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण बेत ठरला तेव्हा ती कामावर होती, आणि बुधवारी सकाळी आम्ही ती उठायच्या आतच निघालो.

शारजाहून तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच एखादं झुडूप, मध्येच उंट. दोन बस बदलाव्या लागतात, दुसरी फार वेळाने येते, हे ध्यानात ठेवा. पप्पांच्या खांद्यावर हवा भरलेली रबरी ट्यूब होती, कंपनीच्या गॅरेजमधून मागून आणलेली. निलूला त्यांनी नवा पिवळा टी-शर्ट घेतला होता. बसमध्ये निलूने त्या ट्यूबला हात लावला, मग पप्पांच्या हाताला लावला. आईने माझ्याकडे पाहिलं. तो पूर्ण प्रवास मला लख्ख आठवतो, कारण आमचं चौघांचं जे काही व्हायचं होतं ते त्या दिवशी होणार असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

खिडकीवरच्या बाईने तीनच तिकिटं दिली. पप्पांना वाटलं चुकली असेल, त्यांनी चार बोटं दाखवली. तिने मान हलवली. फाटकापाशी दुसरी एक बाई उभी होती, केरळची असावी. ती मोडक्या हिंदीत म्हणाली की आज पुरुष आत येत नाहीत. लहान मुलगा चालेल, मोठा माणूस नाही. पप्पांनी विचारलं, पाण्यात नाही उतरत, नुसता कडेला उभा राहिलो तर? तिने अगदी हळू आवाजात नाही म्हटलं. मागे बायकांची रांग थांबली होती आणि त्या सगळ्या पप्पांकडे बघत होत्या. खांद्यावर ट्यूब घेतलेले पप्पा तिथे एकटेच पुरुष होते.

तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते. आई म्हणाली, जाऊ द्या. समुद्र जवळच आहे, चौघं तिथे जाऊन बसू, डबा खाऊ, पोरं वाळूत खेळतील. पप्पा म्हणाले, पोरं एवढ्या लांबून आली आहेत. आई म्हणाली, ती पाण्यासाठी आलेली नाहीत. मग पप्पांनी मला विचारलं, "तुला जायचंय का?"

मला काय उत्तर द्यायला हवं ते कळत होतं. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. पण भिंतीच्या आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मुली किंचाळत होत्या.

"जायचंय," मी म्हणाले.

पप्पांनी ट्यूब माझ्या गळ्यात घातली. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून डबा त्यांच्याकडेच राहिला.

आता आतलं सांगते, कारण त्यासाठीच तुम्ही वाचताय. लाटांचा तलाव होता, ट्यूबवर बसून नुसतं वाहत जायचं असा गोल कालवा होता, लहानांसाठी गुडघाभर पाणी आणि त्यात डोक्यावर सांडणारी बादली होती. सगळ्यात उंच होती ती लाल घसरगुंडी. तिच्यावर निलूच्या उंचीच्या पोरांना सोडतच नसत, आणि मला आईने सोडलं नाही. साडी नेसून पाण्यात उतरायला मनाई होती. आई दिवसभर कडेला पाय सोडून बसली. एवढं पाणी रोज बदलत असतील का गं, असं तिने मला दोनदा विचारलं. दुपारी आम्ही बटाट्याच्या चिप्सची एक पुडी तिघांत खाल्ली, ती महाग होती. निलू इतका खूश होता की दात वाजत असतानाही बाहेर यायला तयार नव्हता. आणि मीही खूश होते. खोटं कशाला बोलू, मी त्या कालव्यातून मोजता येणार नाहीत इतक्या फेऱ्या मारल्या, आणि त्यात कितीतरी वेळ मला पप्पांची आठवणही झाली नाही.

पाच वाजता बाहेर आलो तेव्हा निलू आईच्या खांद्यावर गाढ झोपला होता. पप्पा समोरच्या बस थांब्यावर, पत्र्याच्या छपराखाली बसले होते. डबा तसाच बांधलेला. आम्हाला पाहून उठले, आणि मी त्यांना इतक्या उत्साहाने बोलताना पहिल्यांदाच पाहिलं. इथून लाल घसरगुंडीचा वरचा भाग दिसतो, म्हणाले. पिवळ्या शर्टावरून ओळखला याला. तीनदा आला खाली, जरासुद्धा घाबरला नाही. मी इथून हात करत होतो, त्याला दिसलं का?

मी तोंड उघडलं. आईने माझा दंड धरला.

"दिसलं की," आई म्हणाली. "त्यानेच मला दाखवलं."

पप्पांनी निलूला खांद्यावर घेतलं. झोपलेला होता म्हणून तो गेला. बसमध्ये अर्ध्या रस्त्यात त्याला जाग आली, त्याने पप्पांचं तोंड पाहिलं आणि दोन्ही हातांनी ते दूर ढकलत आईसाठी रडायला लागला. पप्पांनी त्याला लगेच आईकडे दिलं. त्यानंतर ते खिडकीबाहेर बघत राहिले. शारजाला उतरल्यावर डबा आईच्या हातात देऊन ते तसेच कॅम्पकडे निघून गेले. उरलेल्या दिवसांत त्यांना जादा काम लागलं, ते दोनदाच येऊ शकले.

जळगाव स्टेशनवर आबा रिक्षा घेऊन आले होते. निलू 'पप्पा' ओरडत धावला आणि त्यांच्या पायांना बिलगला. आबांनी आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होती. आबांनी त्याला उचललं आणि म्हणाले, "मी तुन्हा पप्पा नही रे भाऊ. तो तठे शे." त्या दिवसापासून घरात सगळ्यांनी त्याला आबा म्हणायला लावलं. चार दिवस रडला, मग म्हणायला लागला. पप्पा हा शब्द मात्र त्याच्या तोंडून गेला तो गेलाच.

पुढच्याच महिन्यात पत्र आलं की पप्पांनी करार वाढवून घेतला आहे. आईने ते पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवलं. त्यानंतर तिने कधी व्हिसाची गोष्ट काढली नाही. पप्पा कायमचे परतले तेव्हा निलू सातवीत होता. तो वाईट वागला नाही. त्यांना तुम्ही म्हणतो, औषधं आणतो, डॉक्टरांकडे नेतो. फक्त हाक मारत नाही. जवळ जाऊन बोलायला सुरुवात करतो.

या दिवाळीत मी माहेरी होते. पप्पा ओट्यावर बसले होते, मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि पंचवीस वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. मी म्हणाले, त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं. आपण समुद्रावर गेलो असतो. सबंध दिवस तो तुमच्याजवळ राहिला असता, सगळं वेगळं झालं असतं. माझ्यामुळे राहिलं.

पप्पा म्हणाले, "तू जायचंय म्हणालीस ना, तेव्हा सुटलो असं वाटलं मला."

मला कळलंच नाही.

"सबंध दिवस त्याच्याशी काय बोलू, या विचाराने आदल्या रात्री झोप नव्हती," ते म्हणाले. "त्या बाईने नाही म्हटलं तेव्हा बरं वाटलं. लांबून बघायची सवय झाली होती मला. करार पण म्हणूनच वाढवला."

इतकी वर्षं जे ओझं मी माझं समजत होते ते माझं नव्हतंच. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतून निलू आला आणि पप्पांच्या समोर उभा राहून, जेवण वाढलंय, म्हणाला. पप्पा उठले आणि त्याच्या मागोमाग आत गेले.