विमानात घालायची बंडी

“अगं ताई, बंडीच आहे ती. विमानात घालायची म्हणे. इतकी जड, की घालणाऱ्याला दोन तिकिटं काढावी लागतील.”

मी दाराबाहेर नुसत्या मोज्यांवर उभी होते, त्यामुळे आईला चाहूल लागली नाही. ती स्वयंपाकघरात डिंक तळत होती आणि फोनवर लंडनच्या मावशीला माझ्या दोन वर्षांच्या कामाचा अहवाल देत होती. आत जाऊन काहीतरी बोलावं असं मनात आलं. मग मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. (मनात येतं आणि मी दार लावून घेते, हा माझा नेहमीचा क्रम.)

बंडीचं सांगते. सतत विमानाने फिरणाऱ्या लोकांना अंतराळातून येणारे किरण जमिनीवरच्या माणसांपेक्षा जास्त लागतात. आयर्लंडमधल्या चेरीवूडची आमची छोटी कंपनी त्यांच्यासाठी ते किरण थोडेफार अडवणारी व्हेस्ट बनवते. नक्की किती अडतात हे प्रयोगशाळेतले लोक सांगतात, आणि तेही फार जपून सांगतात. माझ्याकडे फक्त आरामाची बाजू आहे. कापडात धातूची भुकटी असूनही खांदे दुखू नयेत, घाम साचू नये, माणसाला ती घालून जेवता आणि झोपता यावं, एवढंच.

ऑफिसात सगळ्यांनी ती घालून पाहिली होती. सगळे म्हणाले, “ग्रँड.” आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे उत्तम, बरं, ठीक किंवा ‘मला आता जाऊ दे’, यांपैकी काहीही असू शकतं. मी उत्तम धरून चालले होते.

गुरुवारी लंडनमध्ये एका विमान कंपनीच्या लोकांना ती दाखवायची होती. आवडली तर त्यांचे कर्मचारी तीन महिने वापरून बघणार. नाही आवडली तर माझं डिझाइन बाद, आणि आधीचं, दातांच्या दवाखान्यातल्या एक्स-रेच्या एप्रनसारखं दिसणारं, परत कपाटाबाहेर. माझी बॉस ऑर्ला म्हणाली, “तू बनवलीस, तूच बोल. पाच मिनिटं.” ऑफिसात आजवर मी जे काही बोलले ते सगळं एकत्र केलं तरी पाच मिनिटं भरली नसती. मी भाषण पाठ केलं.

आईही माझ्या आणि ऑर्लाच्याच विमानाने येणार होती. मावशीच्या तन्वीला नुकतंच बाळ झालं होतं, आणि डिंकाचे लाडू पोस्टाने पाठवायला आईचा धीर होत नव्हता.

व्हेस्ट विमानतळाच्या स्कॅनरमध्ये काळीकुट्ट दिसणार हे मला माहीत होतं, म्हणून कंपनीचं तसं पत्रच घेतलं होतं. भाषण घोकण्याच्या नादात मी तिची पिशवी ट्रेमध्ये सपाट ठेवली आणि पत्र पुढे केलं. तिथल्या उंच, लालबुंद अधिकाऱ्याने पत्र वाचलं, स्क्रीन पाहिली, पुन्हा पत्र वाचलं.

“हे काळं दिसेल म्हणता?”

“हो.”

“मला तर पाच बटणं दिसतायत. आणि खिशात कंगवा.”

माझ्या मागे उभ्या असलेल्या ऑर्लाने मान लांब करून पाहिलं. “ईशा,” ती हळूच म्हणाली, “आपल्या व्हेस्टच्या आरपार दिसतंय.”

त्या दहा सेकंदांत मी मनातल्या मनात नोकरी सोडली, पुण्याला परत गेले आणि गल्लीत ब्लाउज शिवायला बसले. तेवढ्यात पट्टा थांबला. मागे गेला. पुढे आला. दुसरा अधिकारी आला, मग तिसरी. तिघं मिळून स्क्रीनवर वाकली. स्क्रीनवर एक बॅग होती, बॅगेत चष्मा, छत्री, सपाता आणि मधोमध एक ठार काळा गोळा.

“ही बॅग कोणाची?”

आईने वर्गात करतात तसा हात वर केला.

“आई,” मी विचारलं, “बंडी कुठेय?”

“डब्याला गुंडाळलीये.”

“का?”

“का म्हणजे? त्या मशीनमधून एक्स-रे जात नाहीत का? बाळंतीण खाणार आहे ते लाडू. उद्या तिच्या दुधातून बाळाच्या पोटात जायचं. आणि तूच म्हणालीस ना, बंडी किरण अडवते?”

“आणि माझ्या पिशवीत काय आहे?”

“माझा स्वेटर. जागा होती.”

म्हणजे बंडी काम करत होती! (विमानतळाचे एक्स-रे वेगळे आणि आकाशातले किरण वेगळे, हे मला कळतं. पण त्या क्षणी मला कुठलाही पुरावा चालला असता.)

अधिकाऱ्याला बंडीच्या पट्ट्यांची गाठ सुटेना. ती आईने सोडवून दिली. आत स्टीलचा डबा, डब्यात लाडू, आणि बंडीच्या छातीवर तळहाताएवढा तुपाचा डाग.

“हे काय आहे?” त्याने बंडी उचलून विचारलं.

“माय डॉटर मेड,” असं म्हणून आईने माझ्याकडे बोट केलं. अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली.

“कशासाठी असतं हे?” तो मला म्हणाला, अगदी सौम्यपणे.

पाठ केलेली पाच मिनिटं घशापर्यंत आली. मी तोंड उघडलं.

“ग्रँड,” मी म्हणाले.

त्याने आईकडे वळून विचारलं, “घातल्यावर अवघडत नाही का?”

“शोल्डर गुड,” आई म्हणाली. मग हात वर करून तिने बगल दाखवली. “हिअर, व्हेरी टाइट. काचते.”

“तुला काय माहीत?” मी विचारलं.

“दोन दिवस घालूनच लाडू वळले की. कंबरेला ऊब छान लागते. पण वरच्या फळीवरचा डबा काढायला गेलं की बगलेत काचते. तुला कोणी सांगितलं नाही?”

तपासणी झाली. लाडू सुटले, बंडी सुटली, आम्हीही सुटलो. विमान ढगांच्या वर गेल्यावर ऑर्लाने विचारलं, “ते हात वर करणं काय होतं?” मी सांगितलं.

“मलाही तिथेच काचली होती,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तू किती गप्प असतेस. तुला लागेल असं वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं.”

म्हणजे मी कोणाशी बोलत नव्हते, म्हणून कोणी माझ्याशी बोललं नव्हतं, आणि या सभ्यपणात दोन वर्षं एक बगल चुकीची शिवली गेली होती.

आईला मावशीच्या ताब्यात देऊन आम्ही मीटिंगला गेलो. (तीन महिन्यांची चाचणी आम्हाला मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, कारण मी पुढे जे केलं त्यावरून तुम्हाला तसं वाटणार नाही.) विमान कंपनीच्या मुख्य बाईंनी व्हेस्ट घातली, डागावरून नजर शिताफीने बाजूला नेली आणि त्या छान हसून म्हणाल्या, “लव्हली.” ऑर्लाने मला डोळ्यांनी खुणावलं. आता माझी पाच मिनिटं. भाषणाचं पहिलं वाक्य होतं, ‘आरामाच्या बाबतीत या व्हेस्टला तोड नाही.’

मी उठले आणि म्हणाले, “लव्हली नाहीये. हात वर करा, म्हणजे कळेल.”