चितळ बोललं होतं

२०२३ साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. सकाळचे सात वाजलेले. ग्वाल्हेरकडच्या वाघांच्या जंगलात माझी सफारीची जिप्सी कोरड्या नाल्याच्या काठावर उभी, मागे पुण्याचे सहा पाहुणे, आणि शेजारी बसलेली गाईड रामकली म्हणतेय, "दादा, चीतल बोल रहा है। आगे मत लो।"

"कोई नहीं बोल रहा," मी म्हणालो.

वाघ हलला की हरणं ओरडून एकमेकांना सावध करतात. त्याला आम्ही कॉल म्हणतो. सांबराचा कॉल जाड, ढोलावर थाप पडल्यासारखा. चितळाचा बारीक, शिट्टीसारखा. पाहुणे वाघ डोळ्यांनी शोधतात, आम्ही कानांनी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण जिप्सीवर एकतीस वर्षं काढलेली. गेटवर साहेबलोक मला विचारायचे, "बाबा, आज किधर?" आणि तीन वर्षांपूर्वी गाईड झालेली ही बाई मला कॉल शिकवणार?

"फिर बोला, दादा।"

"तेरे कान बज रहे हैं।"

नियम असा की गाईडने थांब म्हटलं की ड्रायव्हरने थांबायचं. मी गिअर टाकला आणि नाल्यात उतरलो.

मधोमध पोचलो तर डावीकडे करवंदीच्या जाळीत दोन पिल्लं. मागून "अय्या!" ऐकू आलं, कॅमेरे निघाले. मी उजवीकडे पाहिलं. वीस पावलांवर वाघीण. कान मागे टाकलेले. एकीकडे पिल्लं, दुसरीकडे आई, आणि मधे माझी उघडी गाडी.

ती गुरगुरली. ते मला ऐकू आलं. पोटात ऐकू आलं.

मग ती धावली. "कोई हिलेगा नहीं!" रामकली दबक्या आवाजात म्हणाली. वाघीण बॉनेटपासून दोन हातांवर थांबली, माती उडाली. मी रिव्हर्स टाकला. चाकं रेतीत फिरायला लागली. रामकली मागे वळून सांगत होती, "सीधा... थोड़ा बाएँ... आने दो।" या वेळी तिचं मुकाट ऐकलं. वर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. वाघीण पिल्लं घेऊन झाडीत गेली.

गेटवर पाहुणे खूश. "काका, मानलं तुम्हाला! बरोब्बर मधे नेलीत गाडी!" मी हसलो. ते हसणं मला अजून खुपतं.

प्रत्येक फेरीनंतर गाईड रजिस्टरमध्ये नोंद करते. रामकलीने लिहिलं: बाघिन, दो शावक, नाला. बस.

"कॉल क्यों नहीं लिखा?"

"लिखूँगी तो आपका परमिट जाएगा, दादा।"

खरंच होतं. माझ्या वयाला परमिट दरवर्षी नव्याने मिळतं, ते अडायला एक शेरा पुरतो.

दुपारची फेरी दुसऱ्याला दिली आणि बसने ग्वाल्हेरला आलो, शिंदे की छावनीत, घरी. जीव थाऱ्यावर नव्हता. बसायचो, उठायचो, गॅलरीत जाऊन परत यायचो. चितळ बोललंच नसेल, असं स्वतःला समजावत होतो. नाहीतरी गेल्या सीझनपासून मी सगळ्यांना सांगतच होतो की या जंगलातली चितळं हल्ली बोलेनाशी झालीत.

शेवटी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. समोर गॅसवर कुकर. बायको बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. तिथूनच ओरडली, "अहो, किती शिट्ट्या झाल्या?"

"एकही नाही."

ती आत आली आणि गॅस बंद केला. "तीन झाल्या! मी अंगणातून मोजल्या, आणि तुम्ही समोर बसून म्हणता एकही नाही?"

मी कुकरकडे पाहिलं. झाकणावर वाफ होती.

"नेहमीचंच आहे तुमचं," ती म्हणाली. "मी समजायची, लक्ष नसतं."

आता नवे ड्रायव्हर विचारतात, बाबा, काही सांगा. मी एवढंच सांगतो: जंगल गप्प वाटलं, तर आधी शेजारी बसलेल्याला विचारा.

त्या कुकरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने गेटवर गेलो. रजिस्टर मागितलं, कालचं पान काढलं. रामकलीच्या ओळीखाली माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: चीतल बोला था. गाइड ने बताया. ड्राइवर को सुनाई नहीं देता. सही केली, आणि गाडीची चावी त्या पानावर ठेवली.