दगाजी गुरुजींची मोहाची पंगत

डोंगरावरच्या तोरणमाळच्या धान्यकोठीत पावसाळ्यापुरती ज्वारी पोचली आहे. कोठीची किल्ली सांभाळणारे खुमान पावरा यांनी परवा शहाद्याच्या बाजारात मला हे स्वतः सांगितले. लोणखेड्याच्या दगाजी गुरुजींच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तेव्हा याहून चांगली सुरुवात मला सुचली नाही.

गुरुजींची माझी पहिली भेट बातमीच्या निमित्ताने झाली. मी साप्ताहिकाचा वार्ताहर. शाळेच्या पटांगणात ‘जगाची भूक’ या विषयावर पंगत आहे, असे आमंत्रण आले होते. दारात प्रत्येकाने पानाची एक पुडी उचलायची. आत ज्वारीचा दाणा निघाला तर केळीच्या पानावर पुरणपोळी. मोहाचे फूल निघाले तर पळसाच्या पत्रावळीवर उकडलेली मोहाची फुले, बाकी काही नाही. दाणे मोजकेच होते. जगात धान्य कमी नाही, वाटप वाकडे आहे, हे गुरुजींना पानावर दाखवायचे होते.

मला दाणा आला. शेजारी प्रकाशा गावचे बागायतदार छगनभाई आणि तोरणमाळहून बोलावलेले खुमानभाऊ, दोघांनाही फुले.

“गुरुजी, घरमातलं पीठ सरनं का?” छगनभाईंनी विचारले. पंगत हसली. गुरुजीही हसत, फुलांचाच आग्रह करीत फिरत होते.

खुमानभाऊंनी पत्रावळ पुसून खाल्ली. मग शांतपणे म्हणाले, “गुरुजी, हाई ते आमनं चांगला दिनसनं जेवन शे. आषाढमा हाई बी नही ऱ्हास.”

“मंग काय खातस?” छगनभाईंनी विचारले.

“कडू कंद. रातभर वाहता पानीमा ठेवना पडस, नही ते इख. मांगला साल मन्ही धाकली पोर तितली रात थांबनी नही, तसाच खाधा.”

माझा हात पानावरच राहिला. त्या घासाचे पुढे काय केले, हे आजही आठवत नाही. गुरुजी हातातले भांडे ठेवून तिथेच मातीत बसले. “मी भूक वाढायला निघालो आणि सण वाढला,” एवढेच म्हणाले. निघताना मला म्हणाले, “बातमी द्या, पण माझी चूक आधी द्या.” मी तशीच दिली.

आपल्या थट्टेने खजील झालेले छगनभाई दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. गुरुजी प्रकाशाला चालत गेले. “पीठ सरनंच शे, छगनभाई. तुम्हीच द्या.” आषाढासाठी तोरणमाळला कोठी उभारायचे ठरले आणि ज्वारीच्या पहिल्या गाड्या त्यांच्याच खळ्यातून निघाल्या. किल्ली लोणखेड्यात ठेवावी, असे काहींचे म्हणणे पडले. गुरुजी म्हणाले, “भूक वर आणि किल्ली खाली, जगाचं हेच तर चाललंय.”

साठीच्या पंगतीत गुरुजीही पुडी उचलणार आहेत. पत्रावळीवर काय वाढायचे ते खुमानभाऊ ठरवतील. त्यांनी ते अजून कोणाला सांगितलेले नाही. गुरुजींची प्रकृती ठणठणीत राहो आणि तोरणमाळचा चढ त्यांना आणखी पुष्कळ वर्षे पायी चढता येवो. महिन्याभरात पावसाने घाट बंद होईल. यंदा कोठी आषाढ ओलांडेल आणि कोणाचे मूल ओढ्याकाठी कंद भिजण्याची वाट पाहत बसणार नाही, अशी अपेक्षा आहे.