झाडे सरांचं बोट

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, पण हसायला. पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक, रस्त्यात लिफ्ट मागून गायब झालेला म्हातारा... लिहिणारे सगळे आधी छातीवर हात ठेवून सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि तिसऱ्या परिच्छेदात त्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्या अंगावर काटाबिटा आला नाही. मला फक्त राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी केमिस्ट्री शिकवते. कॉलेज वर्ध्यातलं, नाव सांगत नाही. राहायला नालवाडीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव घराबाहेर काढले. त्यानंतर नवस, उतारा, नजर काढणं यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत परत आलेलं नाही. तेव्हा पुढचं वाचून मला "तुमची आध्यात्मिक पातळी उच्च आहे" वगैरे कळवू नका. क्वांटमही सांगू नका. क्वांटम मी शिकवते.

आमच्या विभागात झाडे सर आहेत. आडनाव बदललंय, माणूस बदलता आला नाही. माझ्याच वयाचे, डॉक्टरेट असलेले, आणि लॅबमध्ये उघड्या हातांनी काम करण्यात मर्दानगी मानणारे. कापड रंगवून उरलेल्या पाण्यातून आयोनिक लिक्विड वापरून रंग ओढून काढायचा, असं आम्हा दोघांचं एकत्र काम चाललं होतं. एकत्र म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात मी बोलायचे आणि ते मान डोलवायचे.

आयोनिक लिक्विड म्हणजे सोप्या भाषेत द्रवरूप मीठ. काकवीसारखं दाटसर, वास जवळजवळ नाही, हवेत उडून जात नाही, सहजी पेट घेत नाही. म्हणून त्याला "ग्रीन सॉल्व्हंट" म्हणतात, आणि ग्रीन म्हटलं की आमच्या विद्वानांना तो तुळशीचा काढा वाटतो. नाकाला झोंबत नाही म्हणजे कातडीला बाधत नाही, असा यांचा तर्क! आमच्याकडचं जे होतं त्याच्या रेणूत फ्लोरिन आहे. कोरडं ठेवलं तर निमूट राहतं. पाणी, आम्ल आणि उष्णता मिळाली की हळूहळू फुटतं आणि त्यातून हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. ते कातडीवर थांबत नाही, आत हाडापर्यंत उतरतं, रक्तातलं कॅल्शियम खातं. आणि खरा दगा पुढेच आहे... सौम्य असेल तर सुरुवातीला काहीच कळत नाही. आग नाही, लाली नाही. ठणका लागतो तो काही तासांनी, तोवर ते बरंच आत गेलेलं असतं.

हे सगळं मी झाडे सरांना सांगितलं होतं. नायट्राइलचे हातमोजे आणून दिले. विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा दुरुस्त करून घेतला. हे अ‍ॅसिड लागलं तर चोळायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणून प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवली.

"मॅडम, तुमी काऊन येवढं टेन्शन घेता?" ते म्हणाले. "मी तर याच्यानं हात धुतो तरी मले काई होत नाई."

"पिऊन बघा मग," मी म्हणाले.

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्या दिवशी मी रजेवर होते. हिंगणीला मामेभावाच्या मुलीचं नामकरण होतं. सकाळीच बसने गेले. मामीच्या अंगणात मांडव, बाजूला वांग्याची भाजी शिजतेय, आणि मी मामीसोबत हिरव्या मिरच्यांची देठं खुडत बसले. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्यातला हुशार वाचक लगेच मिरचीवर बोट ठेवणार. ठेवा. मीही ठेवलं होतं.

दुपारची पंगत बसली आणि माझ्या उजव्या हाताची तर्जनी दुखायला लागली.

आधी वाटलं, मिरची. हात धुतला, दही चोळलं. पण मिरचीची आग कातडीवर असते. हे आतून होतं, जणू नखाखाली कुणी तापलेली तार घालून हळूहळू फिरवतंय. घास उचलवेना. बोट मात्र जसंच्या तसं, ना सूज, ना डाग. आणि बोटाच्या मुळाशी, सगळ्यात खालच्या पेरावर, काहीतरी घट्ट आवळलेलं. मी नकळत ते दुसऱ्या हाताने ओढून काढायला लागले.

मामी वाढता वाढता थांबली. "काय व वैशू, काय काढून राह्यली बोटातून?"

"अंगठी," मी म्हणाले.

"कोणती अंगठी? तुह्या बोटात तं काईच नाई."

खरंच नव्हतं. मी अंगठी घालत नाही. लॅबमध्ये दागिना घालू नये हे मी मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगते. पण ती तिथे होती... गोल, जाड, एका बाजूला वजन असलेली. मी तिच्यावर बोट फिरवत होते आणि बोटाखाली माझीच कातडी लागत होती.

मामीनं मीठ-मोहरी आणायला आत धाव घेतली. मी तिला चार शब्द सुनावले आणि विहिरीच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. मला त्याचा अजून अभिमान आहे. बाहेर काहीही न दिसता आतून ठणका, तोही उशिरा सुरू झालेला, म्हणजे हायड्रोफ्लोरिक. म्हणजे आदल्या दिवशी माझ्याच हातमोज्याला बारीक भोक असणार. चूक माझीच. जेल लॅबमध्ये, मी हिंगणीत. म्हणून, केवळ म्हणून, मी झाडे सरांना फोन लावला. त्यांच्यासाठी नाही. त्यांचा आवाज रजेच्या दिवशी ऐकावा अशी माझी कधीच इच्छा नव्हती.

"सर, पेटीतली जेल घेऊन कुणाला तरी इकडे सेलूपर्यंत पाठवता येईल का? मला बहुतेक त्या बाटलीतलं लागलंय."

"तुम्हाले लागलं?" त्यांना मजा वाटली. "आन् मी आज सकाळपासून त्याच्यातच हात घालून बसलो. जुनं वापरलेलं होतं ना, ते अ‍ॅसिडच्या पाण्यानं धुऊन, गरम करून साफ केलं. मस्त काम झालं."

पाणी, आम्ल, उष्णता. तिन्ही. या माणसानं पाककृती वाचून केल्यासारखं केलं होतं.

"हातमोजे होते?"

"मॅडम, आता नका सुरू होऊ."

आणि मग मी जे विचारलं ते विचारायचं मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं.

"उजव्या तर्जनीत अंगठी आहे का तुमच्या?"

फोनवर मागे फ्यूम हूडचा पंखा घरघरत होता... म्हणजे निदान तो तरी लावला होता.

"तुम्हाले कोणी सांगतलं?" त्यांचा आवाज बदलला. "आज सकाळी पूजा करून घातली. पुष्कराज हाय. घरच्याशिवाय कोणाले माहीत नाई."

"काढा ती. नळाखाली हात धरा आणि काढा. फोन स्पीकरवर ठेवा."

"मले तर काईच होऊन नाई राह्यलं..."

"झाडे! काढ म्हणते ना!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. पाण्याचा आवाज आला. साबण लावताना पुटपुटणं आलं. "निघत नाई हो... फसली..." इकडे माझ्या बोटाचं आवळणं इतकं वाढलं की मी विहिरीचा काठ धरून खाली बसले. मग त्यांनी "हां, निघाली" म्हटलं, आणि त्याच क्षणी माझं बोट मोकळं झालं. पाठोपाठ ठणकाही गेला, काहीही मागे न ठेवता.

"मॅडम," ते म्हणाले, "अंगठीखालची कातडी पांढरी दिसून राह्यली."

मी त्यांना नीट, सावकाश सांगितलं: अजून पाण्याखाली धरा. मग हातमोजा घातलेल्या माणसाकडून जेल चोळून घ्या, पुन्हा पुन्हा. लॅब असिस्टंटला बरोबर घ्या आणि दवाखान्यात जा. डॉक्टरांना हायड्रोफ्लोरिक म्हणा, नुसतं "अ‍ॅसिड" म्हणू नका.

मी पंगतीतून तशीच निघाले. मिळेल त्या गाडीने वर्धा गाठलं. दवाखान्यात पोचले तेव्हा झाडे सर खाटेवर बसून हात छातीशी धरून हमसून रडत होते. ठणका नुकताच सुरू झाला होता. "आतून... नखाच्या खालून... तार फिरवल्यासारखं..." ते डॉक्टरांना सांगत होते. मी दारात उभी होते. मी हे शब्द कुणालाही बोलले नव्हते, मामीलासुद्धा नाही.

माझा हात अगदी ठणठणीत होता. डॉक्टरांना दाखवला, त्यांनी दाबून पाहिला आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं.

सरांचं बोट वाचलं. टोक थोडं सुन्न आहे, नख वाकडं आलं. अंगठीखाली ते द्रव अडकून आणखी काही तास राहिलं असतं तर बोट गेलं असतं, कदाचित जास्तही काही. असं डॉक्टर म्हणाले, मी नाही.

मी खूप डोकं फोडलंय यावर. अंतर्मन म्हणाल, तर हा माणूस निष्काळजी आहे हे माझ्या अंतर्मनाला माहीत होतं, कबूल. पण त्याच दिवशी घातलेला पुष्कराज अंतर्मनाला हिंगणीत बसून दिसला? आणि दिसायचाच होता तर माझ्या आईचं दुखणं मला का नाही कळलं? ती याच शहरात, माझ्यापासून दोन गल्ल्या दूर, एकटी पडून होती आणि मी आरामात पेपर तपासत होते. निसर्गानं मला एकदाच कुणाचं दुखणं दिलं, आणि ते झाडेंचं! मला यातला चमत्कार दिसत नाही. नुसता गलथानपणा दिसतो.

बरे झाल्यावर सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, खरं सांगा, अंगठीचं तुम्हाले कसं समजलं?"

"फोनवर टेबलावर टकटक ऐकू आली," मी म्हणाले. "धातूची."

"अस्सं!" त्यांचा जीव भांड्यात पडला. इतकी ढिसाळ थाप मी पहिल्या वर्षाच्या पोराकडूनही चालवून घेतली नसती.

आणि आता ते स्टाफरूममध्ये चहा पिताना, डाव्या हातात तीच अंगठी घालून, सगळ्यांना सांगतात, "पुष्कराजानं वाचवलं. घातल्याबरोबर अनुभव आला." त्या अंगठीनंच विष बोटाशी धरून ठेवलं होतं! परवा हे ऐकून सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. आता मॅडम याची सालटी काढणार म्हणून दोघांनी खुर्च्याही वळवून घेतल्या.

मी तोंड उघडलं. पण पुष्कराज नाही, तर मग काय, हे सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मी तोंड मिटलं, आणि झाडे सरांनी समाधानानं बिस्किट चहात बुडवलं.