साखळीतला हात

माझं ताट गोठ्याच्या कट्ट्यावर आलं. सुरेखाचं आत, स्वयंपाकघरात.

आम्ही मिरजेजवळच्या एका गावातल्या कबड्डीच्या पोरी. नव्वद सालानंतरची गोष्ट. उंब्रजवरून पाटणच्या रस्त्याला लागलं की एक गाव आहे, तिथं स्पर्धा होत्या. रीत अशी, की बाहेरगावच्या पोरी दोघी-दोघी करून घरोघर उतरवायच्या. ज्याच्या घरी उतरलो त्यानंच जेवायला घालायचं. मी आणि सुरेखा एका बागायतदाराच्या घरी. सुरेखा आमच्या गावच्या मोठ्या घरातली. मैदानावर आम्ही दोघी शेजारी उभ्या राहायचो.

घरच्या काकूंनी पाय धुवायला पाणी दिलं. चहा दिला. माझ्या पाठीवरून हात फिरवला, "लय वाळलीस गं पोरी" म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. हात थांबला.

"कुठल्या आळीतली गं तू?"

"बौद्धवाड्यातली."

त्यानंतर त्या माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. "जेवून झालं की ताट धुऊन पालथं घाल."

मी जेवले. पोटात आग पडली होती. ताट धुतलं, पालथं घातलं. आत काकू सुरेखाला आग्रह करून वाढत होत्या आणि ती हसत होती. एकदाही बाहेर आली नाही. मला वाटलं, जमीन फाटावी आणि म्हशीसकट मला पोटात घ्यावं.

मला गोठ्यात जेवायला घातलं, हे सकाळपर्यंत सगळ्या संघाला कळलं होतं. त्या सकाळी माझ्या तांब्यातलं पाणी कुणी प्यालं नाही.

दुपारी अंतिम सामना. विभागाचा संघ निवडणारे समोर मांडवात खुर्च्या टाकून बसलेले. त्या संघात नाव लागलं तर पुढं खेळाडूंच्या जागेवर पोलिसात जायची आशा होती. माझ्याकडं दुसरी आशा नव्हती. बारावी नापास, आणि घरी मामा स्थळ घेऊन बसलेला. आज नाही तर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं.

कबड्डीत समोरची पोरगी चढाईला आत शिरली की आपल्यातल्या दोघी हात धरून तिला आडव्या जातात. ती साखळी. हात मनगटापाशी घट्ट धरावा लागतो. एरवी मनगट धरणाऱ्या सुरेखानं त्या दिवशी मला बोटांची टोकं दिली. नुसती टोकं. मी पकडायला गेले की ती बोटं काढून घ्यायची. समोरच्या पोरीला ते पहिल्याच चढाईत दिसलं. ती आमच्या दोघींच्या मधून फोडून गेली. पुन्हा गेली. लोक हसायला लागले.

संघाबरोबर आलेले सर ओरडले ते माझ्यावर. "तुझा हात ढिला हाय. ऊठ, बाहेर बस."

मी फक्कीच्या रेघेबाहेर बसले. काय सांगणार होते? मांडवासमोर उभं राहून म्हणू, की हिला माझा हात चालत नाही? डोळ्यासमोर मामाचं स्थळ दिसत होतं.

मध्यंतराला शोभाताई आली. आमची कप्तान, रांगेच्या टोकाला कोपरा सांभाळणारी. कोष्टी गल्लीतली, घरी माग चालवायची आणि संध्याकाळी शाळेमागच्या माळावर आम्हा पोरींना शिकवायची. मला कबड्डी तिनंच शिकवली. घोटा कसा धरायचा, दम कसा राखायचा, पडल्यावर आधी काय बघायचं. तिचंही हे शेवटचं वर्ष. माघात लग्न ठरलेलं. नाव लागलं तरच सासरचे पुढं खेळू देणार होते.

ती सरांना म्हणाली, "हिला आत घ्या. हिचा हात ढिला न्हवता. मी बघितलंय."

"मग साखळी का तुटती?"

ताईनं सुरेखाकडं बघितलं. सुरेखानं मान खाली घातली. "सुरेखा कोपऱ्यात जाईल. हिच्या शेजारी मी," ताई म्हणाली.

सर चिडले. "कोपरा सोडलास तर तुला कोण बघणार? निवडणारे सगळे कोपऱ्याकडंच बघत्यात."

"न्हाई बघितलं तर न्हाई."

तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तिच्या बोटांचे वण दोन दिवस राहिले. आम्ही अडवायचो, समोरची मागं वळायची आणि अलगद कोपऱ्यात सुरेखाच्या हातात सापडायची. टाळ्या सुरेखाला. सामना आम्ही जिंकला. विभागाच्या संघात दोन नावं पुकारली. साखळीतून माझं आणि कोपऱ्यातून सुरेखाचं.

परतीच्या एसटीत मी ताईशेजारी बसले. म्हणाले, "ताई, माझ्यामुळं तुझं गेलं."

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुझ्यामुळं न्हाई. कुणामुळं गेलं त्याचं नाव घ्यायला शीक. मी बी घेतलं न्हाई आज. भ्याले."

माघात तिचं लग्न झालं. पुन्हा ती मैदानावर दिसली नाही. लोक म्हणतात, केवढं मोठं मन. मला त्या कौतुकाचा संताप येतो. एकीनं बोटं आखडली आणि किंमत दुसरीनं भरली. ती का भरावी लागली, हे कुणी विचारत नाही.

विभागाच्या संघाचं शिबिर सांगलीत होतं. पहिल्याच सकाळी नव्या सरांनी जोड्या लावल्या. माझ्याशेजारी सुरेखा. तिनं बोटांची टोकं पुढं केली.

मी हात काढून घेतला. रांगेतून बाहेर आले.

"सर, ही माझा हात धरत न्हाई. मी बौद्ध हाय म्हणून."

सुरेखा रडायला लागली. सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "खेळात जात आणू नको. तुझंच नुकसान हुईल. घरी पाठवावं लागंल."

घरी मामा होता. स्थळ होतं. हे सगळं मला माहीत होतं.

"पाठवा," मी म्हणाले. "पण का पाठवलं ते हितं सगळ्यांसमोर सांगा. तवर मी हलणार न्हाई."

ऊन वर चढलं. सराव थांबला. मी तिथंच उभी राहिले. मनाशी एकच धरलं होतं. माझी जागा मी मागून घेईन, भांडून घेईन, नाही मिळाली तर तिला मुकेन. पण माझ्यासाठी दुसऱ्या कुणाला आपला कोपरा सोडू देणार नाही.